अठरा दिवस घर बंद, चौतीस कुंड्या गॅलरीत. पाण्याची काय सोय करू?

मोगरेवाली
नमस्कार. ८ मे ते २६ मे आम्ही दोघंही पुण्यात नाही. सिंहगड रोडला चौथ्या मजल्यावर, पश्चिमेची गॅलरी. दुपारी दोननंतर तिथे फरशीवर पाय ठेववत नाही. कुंड्या चौतीस : बारा इंची दहा (मोगरे तीन, जास्वंदी दोन, कढीपत्ता, अनंत वगैरे), आठ इंची चौदा, बाकी चिल्लर. त्या चिल्लरमध्ये कोरफड, जेड, अडेनियम, पुदिना.

गेल्या वर्षी शेजारच्या मुलाकडे किल्ली दिली होती. पोरगा गुणी आहे, पण तीन दिवस पाणी घातलं आणि मग त्याचे मित्र आले. परत आले तेव्हा अनंताची पानं हाताला लागली की चुरा होत होती. या वर्षी कुणाच्या भरवशावर राहायचं नाही असं ठरवलंय.

ऑनलाइन बघितलं तर मातीचे खुंटे, काचेचे फुगे, टायमरचा पंप, दुहेरी तळाच्या 'सेल्फ वॉटरिंग' कुंड्या, असं बरंच दिसतंय. प्रत्येकाखाली 'आता निश्चिंत फिरायला जा' लिहिलंय. कुणी खरंच निश्चिंत गेलंय का? जाहिरात नको, स्वतः वापरलेलं सांगा.

कसबेकर
जाताना नळाचा मुख्य कॉक बंद करा. बाकीचं झाडं बघून घेतील.

अडाणी_माळी
ताई, यंत्र नंतर निवडा. आधी पाणी किती लागणार ते मोजा, कारण सगळे इथेच फसतात.

मे महिन्यात, पश्चिमेच्या उन्हात, बारा इंची कुंडीतला मोगरा माझ्याकडे रोज पाऊण लिटर पितो. अठरा दिवसांचे साडेतेरा लिटर. एका कुंडीचे! अशा दहा म्हणजे रोजचे साडेसात लिटर. आठ इंचीला अडीचशे-तीनशे मिली धरा, चौदा कुंड्यांचे चार लिटर. चिल्लर एखादा लिटर. रोजचे साडेबारा झाले, अठरा दिवसांचे सव्वादोनशे लिटर. आता तुमचा काचेचा फुगा बघा, त्यात पेलाभर पाणी मावतं.

बाटली उलटी खोचण्याचा प्रयोग मी तीन उन्हाळे केला. माती भुसभुशीत असेल तर मातीतून हवा वर जाते, बाटली गुडगुड करते आणि रात्रीत रिकामी होते. माती घट्ट असेल तर आठ दिवसांनीही तेवढीच भरलेली. भाजक्या मातीचा खुंटा लावला तर जरा शिस्त येते, त्याच्या अंगातून पाणी झिरपतं. तरी लिटरची बाटली मोगऱ्याला दीड दिवस. शनिवार-रविवार महाबळेश्वरला जाणाऱ्यांसाठी ठीक आहे.

पेठेतला_बांधकामवाला
वरचा सव्वादोनशेचा आकडा वाचून कुणी गॅलरीत पिंप ठेवायला निघाला असेल तर थांबा. सव्वादोनशे लिटर म्हणजे सव्वादोनशे किलो, वर ओल्या मातीच्या चौतीस कुंड्या. गॅलरी बाहेर लोंबती असते. वजन कठड्याकडे नको, भिंतीकडे आणि विभागून ठेवा. सोसायटी जुनी असेल तर तेही नको, आत घ्या.

तपकीर_गल्ली
माझी कथा ऐका आणि शहाणे व्हा.

दोन वर्षांपूर्वी मला वाटलं, आपण इंजिनिअर, आपली झाडं वाळली तर लाज आहे. बुधवार पेठेतून अर्डुइनो (प्रोग्रॅम टाकायचा छोटा बोर्ड) आणला, रिले (पंप चालू-बंद करायचा स्विच), पाच व्होल्टचा बुडवायचा पंप आणि दोन टोकांचा चिमट्यासारखा ओलाव्याचा सेन्सर. पहिला महिना झकास. 'माती कोरडी' असा आकडा आला की पंप वीस सेकंद चालायचा. बायको कौतुकाने पाहुण्यांना दाखवायची.

मग सेन्सर वेड्यासारखा वागायला लागला. उपटून बघितला तर एका टोकाचा मुलामा खाऊन गेलेला. त्या चिमट्यातून ओल्या मातीत सतत करंट वाहतो, धातू झिजणारच. दिवसातून दोनदाच करंट द्यायचा, किंवा कपॅसिटिव्ह सेन्सर घ्यायचा, ज्याचा धातू मातीला लागतच नाही. हे मला नंतर दुकानदाराने सांगितलं, तेही हसत.

खरी मजा पुढे. नवा सेन्सर लावून आम्ही चार दिवस कोकणात गेलो. बादली स्टुलावर, कुंड्या खाली. पंप वीस सेकंद चालून थांबला. पाणी थांबलं नाही. नळी एकदा भरली की सायफन सुरू होतो, त्याला वीज लागत नाही. वीस लिटरची अख्खी बादली एका तुळशीच्या कुंडीतून गॅलरीत, गॅलरीतून खाली. मग पंप कोरडा फिरून जळाला.

तेव्हा बादली नेहमी कुंड्यांच्या खालच्या पातळीवर ठेवा, म्हणजे पंप थांबला की नळीतलं पाणी परत बादलीत येतं. वर ठेवणं भागच असेल तर नळीला सगळ्यात उंच जागी सुईने बारीक भोक पाडा. पंप चालू असताना दोन थेंब उडतात, पण थांबल्यावर तिथून हवा शिरते आणि सायफन तुटतो. फुकटचा उपाय, मला चार हजारांना पडला.

खालचा_मजला
चार हजार कसले? खालच्यांचं काय गेलं तेही लिहा की.

तपकीर_गल्ली
@खालचा_मजला, कुरडया. दोन किलो गव्हाच्या. गच्ची उन्हाने तापते म्हणून काकूंनी गॅलरीत प्लास्टिकवर घातल्या होत्या. पुढची सहा महिने जिन्यात माझ्याशी फक्त 'हं'.

खालचा_मजला
मी तो खालचा नाही, पण भावना पोचल्या. तीन दिवस गहू भिजवून, पहाटे उठून चीक घाटलेल्या कुरडया! तुम्हाला 'हं' मिळालं हेच पुष्कळ. इथे सगळे वरच्यांच्या झाडांची काळजी करतायत, कुंडीखाली ताटली ठेवा असं एकाने तरी म्हटलंय का?

चिंचेचं_पान
ताई, मावशींना महिन्याचे वर पाचशे द्या आणि सुखाने जा. कशाला एवढा खटाटोप?

मोगरेवाली
@चिंचेचं_पान, आमच्या मावशी मे महिन्यात पंधरा दिवस गावी जातात, जत्रा आणि लग्नं. त्यांनाही सुट्टी असते हो.

@अडाणी_माळी, सव्वादोनशे वाचून मी खालीच बसले. सहलच रद्द करावी का?

नाडीवाली_आजी
रद्द करू नका. मी बारा वर्षं वातीवर झाडं ठेवते. आधी आफ्रिकन व्हायोलेटसाठी सुरू केलं, ते वरून पाणी घातलेलं खपवून घेत नाही, पानांवर डाग पडतात. आता सगळ्यांनाच लावते.

दिव्याची वात तेल वर ओढते तशी दोरी पाणी वर ओढते, एवढंच तत्त्व. पण दोरी कुठली, यात सगळं आहे. पहिल्या वर्षी मी सुती घेतली, परकराच्या नाडीची. दीड महिन्यात मातीतला भाग कुजून काळा, ओढला की तुटून हातात. नंतर सिंथेटिक नाडी घेतली, ती विणलेली पोकळ गोल मिळते ना, ती. ती कुजत नाही आणि विणीतून पाणी चांगलं चढतं. गुळगुळीत, चकचकीत नायलॉन मात्र घेऊ नका, त्याच्यावरून पाणी नुसतं घसरतं. दुकानातच परीक्षा घ्या. टोक पाण्याच्या थेंबावर ठेवा, थेंब पिऊन वर चढला तर घ्या, मण्यासारखा तसाच बसला तर ठेवून द्या. दुकानदार बघत बसतो, बसू दे.

लावायची अशी. नाडी आधी भिजवून पिळून घ्या, कोरडी नाडी सुरूच होत नाही. कुंडीच्या तळाच्या भोकातून जाड तारेने वर ढकला, निम्म्या मातीपर्यंत गेली पाहिजे. आत वेटोळं केलं तर आणखी चांगलं. दुसरं टोक खाली बादलीत, तळाला टेकेल असं. वरून एकदा भरपूर पाणी घाला म्हणजे माती आणि नाडीची भेट होते. पाण्यापासून मातीपर्यंत वीतभरापेक्षा जास्त चढ नको. आठ इंचीला एक नाडी, बारा इंचीला दोन किंवा तीन.

आणि निघायच्या आधी आठ दिवस चालवून बघा. बादलीला खडूने रोजची खूण करा. कुठलं झाड किती पितं ते कळतं, आणि कुठली वात आळशी आहे तेही.

अडाणी_माळी
आजींना दंडवत. एक पुरवणी जोडतो : तळातून पाणी दिलं की क्षार वर येऊन बसतात, मातीवर पांढरी साय दिसते. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर लवकर. महिन्यातून एकदा वरून धो धो पाणी घालून खाली जाऊ द्यायचं. दुहेरी तळाच्या कुंड्यांनाही हेच लागू. त्यांच्यात चिकण माती भरू नका, गच्च चिखल होतो आणि मुळं गुदमरतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), खत आणि थोडं परलाइट (हलके पांढरे खनिजाचे दाणे) हवं. शिवाय बाजूला जास्तीचं पाणी जायचं भोक आहे ना बघा. स्वस्तातल्यांना नसतं.

रामरक्षा
आमच्याकडे वैशाखात तुळशीवर गळती लावायचे. पितळी गडू, बुडाला बारीक भोक, त्यात दर्भाची काडी. शंकराच्या पिंडीवर असते तशीच. दिवसभर थेंब थेंब. आजोळी ती तुळस कमरेएवढी झाली होती. म्हणजे ठिबक सिंचन आपल्याकडे कधीपासूनच होतं.

तपकीर_गल्ली
आली का गाडी तिथेच! आता ठिबकही आपलंच.

जळगावचा_पुणेकर
भांडू नका. थेंब पाडणं जुनंच, शेतभर प्रत्येक झाडाला सारखा थेंब पाडणं नवं. ते इस्राएलच्या सिम्खा ब्लासने प्लास्टिकच्या ड्रिपरने, म्हणजे थेंब पाडणाऱ्या तोटीने, जमवलं आणि १९६५ मध्ये हात्झेरिमच्या किबुत्झने (सामुदायिक शेतीच्या वसाहतीने) त्याचा कारखाना काढला. आमच्या जळगावात भवरलाल जैनांनी ते केळीच्या बागांत नेलं. आणि पुरलेल्या मडक्याने पाणी द्यायची पद्धत चीनच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या पोथीत आहे. सगळ्यांनी थोडं थोडं श्रेय घ्या.

मुद्द्याचं : शेतीच्या दुकानात १६ मिमीची नळी, ४ मिमीची पिल्लू नळी आणि ताशी २ लिटरचे ड्रिपर सुटे मिळतात. नळाला टायमर लावून रोज दहा मिनिटं, म्हणजे कुंडीला तीनशे तेहतीस मिली. साठवणाची भानगडच नाही. बॅटरीवरचा टायमर घ्या, म्हणजे वीज गेली तरी वेळ विसरत नाही.

कसबेकर
आणि गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा टायमर पंचांग बघतो का?

जळगावचा_पुणेकर
गच्चीवरच्या टाकीत पाणी असतं हो गुरुवारी. नळ टाकीवर घ्यायचा. पण त्यासाठी मुख्य कॉक चालू ठेवून जावं लागतं, तेव्हा पहिला प्रतिसाद बघता तुमची परवानगी लागेल.

सिस्टरताई
सलाईनचा सेट वापरून बघा. नवा घ्या, मेडिकलमध्ये मिळतो. वापरलेला कुठूनही आणू नका. मोठ्या थेंबाच्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिली होतो, पाकिटावर छापलेलं असतं. तीन सेकंदांना एक थेंब म्हणजे मिनिटाला एक मिली, दिवसाला १४४० मिली. सहा सेकंदांना एक केलात तर ७२० मिली, बरोब्बर माळीबुवांचा मोगरा.

दोष सांगते. पाणी खाली गेलं की दाब कमी होतो, थेंबही मंदावतो. तीन-चार दिवसांत चाक पुन्हा फिरवावं लागतं. शेवाळ धरलं तर बंदच. घरात असताना मस्त, अठरा दिवस सोडून जाण्यासारखं नाही. पेशंटलाही आम्ही असं सोडून जात नाही.

डासमारे
कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. उघडी बादली, उघडी ताटली म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण. त्याला स्वच्छ, साठलेलं पाणीच आवडतं. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तुम्ही अठरा दिवस नाही, म्हणजे घरी याल तेव्हा मंडळी स्वागताला हजर. बादलीला घट्ट झाकण, त्याला नाडी जाईल एवढंच भोक. परत आल्यावर पाणी ओतून भागत नाही, अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटतात आणि कोरडी महिनोन्महिने तग धरतात. काथ्याने घासा.

@खालचा_मजला, म्हणून ताटली नको.

खालचा_मजला
ताटलीत वाळू भरा. पाणीही थांबतं, डासही नाही. आता बोला.

सुगडवाली
संक्रांतीची सुगडं माळ्यावर पडलेली असतात ना प्रत्येकीकडे? दरवर्षी पाच, टाकवत नाहीत. मी ती कुंडीत गळ्यापर्यंत पुरते, पाणी भरते आणि वर पणती उपडी घालते. नुसती भाजलेली माती, झिलई नाही, त्यामुळे बाजूची माती कोरडी झाली की पाणी झिरपतं, ओली असली की थांबतं. सेन्सरही नको आणि पंपही नको. उपटून बघितलं तर मुळं सुगडाला जाळीसारखी मिठी मारून बसलेली. बाहेरून रंगवलेली मात्र चालत नाहीत, ऑइलपेंटने छिद्रं बुजतात. मोठी हवी असतील तर कुंभार वेशीत छोटी बोळकी मिळतात. पेलाभर पाणी मावतं म्हणा, पण दोन-तीन दिवसांची बेगमी होते.

अडाणी_माळी
हे फार आवडलं. माझ्या माळ्यावर पंधरा तरी निघतील.

ताई, आता गणित उलट बाजूने करा. पाणी वाढवण्यापेक्षा तहान कमी करा. कुंड्या उन्हातून काढून आत, उजेडाच्या खिडकीशी आणा आणि एकमेकांना चिकटवून ठेवा. मातीवर नारळाच्या शेंड्यांचा दोन बोटं थर द्या. शेंडे आणि कळ्या खुडा. कोरफड, जेड, अडेनियमला जाताना एकदा पाणी देऊन विसरा. सव्वादोनशेचे शंभर-सव्वाशे होतील.

मोगरेवाली
मोगऱ्याच्या कळ्या मे महिन्यात खुडा म्हणता? तुम्हाला बायको आहे का?

अडाणी_माळी
आहे. म्हणूनच मीही कधी खुडत नाही. दुसऱ्यांना सांगतो.

चिंचेचं_पान
ते पाणी शोषणारे जेलचे दाणे कुणी वापरलेत का? दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचं पुसा हायड्रोजेल ऐकलंय.

अडाणी_माळी
वापरलंय. लावतानाच मातीत मिसळायचं असतं, वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं. पाणी द्यायची पाळी लांबते, पण अठरा दिवसांचा साठा नाही. आणि जास्त घातलंत तर पहिल्या पावसात कुंडीतून जेली वर येते. माझ्या नातवाला वाटलं साबुदाण्याची खीर सांडली.

मोगरेवाली
(२८ मे)
परवा रात्री आलो. सगळ्यांचे आभार, आता हिशेब देते.

पंप, टायमर काही घेतलं नाही. रंगवाल्याकडून रंगाच्या रिकाम्या, झाकणाच्या सहा बादल्या आणल्या, वीस लिटरच्या. धुऊन धुऊन हात गेले. आजींच्या सांगण्यावरून नाडी आणली. दुकानात थेंबाची परीक्षा घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला, 'काकू, परकराला पाण्याचं काय करायचंय?' बादल्या दिवाणखान्यात भिंतीशी मांडल्या, भोवती विटांवर कुंड्या, प्रत्येकीची नाडी झाकणाच्या भोकातून आत. आमचे हे म्हणाले, आयसीयू झालंय. १ मेपासून आठवडाभर खुणा केल्या. उन्हात साडेबारा लिटर पिणारी मंडळी आत साडेपाचवर आली. म्हणजे नव्याण्णव लिटर, साठा एकशेवीसचा. त्या खुणा बघितल्यावर झोप लागली.

निकाल : चौतीसपैकी एकतीस जिवंत. मोगरे तिन्ही हिरवेगार, कळ्या अर्थातच मी नसताना फुलून गळून गेल्या, फरशीवर तपकिरी सडा पडला होता. बंद घरात शिरताना त्याचा आंबूस-गोड वास आला. पुदिना सुटलाय. एका जास्वंदीची वात झाकणातून निसटून हवेत लोंबत होती, ती जास्वंद गेली. विटेवर कुंडी नीट बसली नव्हती, चूक माझी. शेवंती सावलीत ओल जास्त होऊन कुजली. तिला एकच नाडी पुरली असती, मी लाडाने दोन घातल्या.

तिसरी गेली ती तुळस. तिला आत घ्यायला मन होईना, गॅलरीतच ठेवली, दोन सुगडं पुरून. अठरा दिवसांत नुसत्या काड्या उरल्या. पण तिच्या मंजिऱ्यांचं बी शेजारच्या मोगऱ्याच्या कुंडीत पडलं असणार, कुंड्या आत नेण्याआधीच. तिथे आता सात रोपं आहेत, दोन दोन पानांची.

सुगडवाली, सुगडांचा दोष नाही. चारच्या उन्हाला दोन पेले पाणी, ती तरी काय करणार.

नाडीवाली_आजी
सातातली दोन ठेवा, बाकी वाटून टाका. आणि बादल्यांच्या खुणा पुसू नका, पुढच्या वर्षी उपयोगी येतील. नाडी धुऊन वाळवून ठेवा.

डासमारे
बादल्यांत काय सापडलं?

मोगरेवाली
@डासमारे, पाच एकदम स्वच्छ. जास्वंदीच्या बादलीत भोक उघडं राहिलं ना, तिच्यात वळवळत होते. ओतून काथ्याने घासली.

खालचा_मजला
काय, मोरीत की गॅलरीतून?

मोगरेवाली
मोरीत, बाबा, मोरीत.

कसबेकर
नळाचा कॉक बंद केला होता का?

मोगरेवाली
केला होता. आल्या आल्या तोच आधी बघितला. गिझर मात्र अठरा दिवस चालू होता.